घाट गिअरवर उतरतात

एसटीत माझी बहुतेक नोकरी महाड-पोलादपूरच्या बाजूला गेली. पूर्वेला वरंध आणि आंबेनळी, दक्षिणेला कशेडी, आणि लांबची ड्यूटी लागली तर चिपळूणवरून कुंभार्ली. शेवटची काही वर्षं नव्याने भरती झालेल्या मुलांच्या शेजारी बसून त्यांना घाट शिकवण्याचं काम होतं. निवृत्त झालो तरी ते सुटलेलं नाही. गावात कुणी टुरिस्ट गाडी घेतली की पहिल्या घाटाला "काका, चला जरा सोबत" म्हणून बोलावणं येतंच.

त्या मुलांना सांगत आलो ते आता लिहून काढतोय. घाटातल्या अपघाताची बातमी वळणापासून सुरू होते. वळण आलं, ताबा सुटला, कठडा तोडून गाडी दरीत गेली. पण बरेचसे अपघात त्या वळणाच्या दोन-चार किलोमीटर आधीच सुरू झालेले असतात. कधी घाटमाथ्यावर, कधी आदल्या रात्री. वळणावर फक्त ते उघडकीला येतात.

१. कोणत्या गिअरमध्ये उतरायचं ते माथ्यावरच ठरवा.

सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे, म्हणून यावर जास्त बोलतो. घाट चढताना गाडी आपोआप ताब्यात असते. पाय उचलला की वेग पडतो. उतारावर उलट होतं, काहीच केलं नाही तरी वेग वाढत जातो. तो रोखायला दोनच साधनं, ब्रेक आणि इंजिन. नवीन ड्रायव्हर सगळा भार ब्रेकवर टाकतो, कारण ब्रेक पायाखाली असतो आणि लगेच लागतो.

मुलांना मी एक हिशेब वहीत लिहायला लावायचो. महाबळेश्वर आणि पोलादपूर यांच्या उंचीत १,२०० मीटरहून जास्त फरक आहे. भरलेली एसटी साधारण १५ टनांची धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून नुसत्या ब्रेकवर खाली आणलं तर जी उष्णता तयार होते, तिच्यात जवळपास ६०० लिटर पाण्याला उकळी येईल. ही उष्णता जाणार कुठे? ब्रेकच्या चार ड्रममध्ये आणि त्यांच्या लायनरमध्ये. लायनर एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड जाते. पेडल जागेवर असतं, पाय पूर्ण दाबलेला असतो, लायनर ड्रमला टेकलेलाही असतो, आणि गाडी थांबत नाही. लोक याला ब्रेक फेल म्हणतात. खरं तर त्यातलं काहीही तुटलेलं नसतं. अर्ध्या तासाने गाडी थंड झाली की तेच ब्रेक नीट लागतात.

गिअर खालचा असला की यातला मोठा वाटा इंजिन उचलतं आणि रेडिएटरवाटे बाहेर टाकतं. ब्रेक वळणापुरता, थोडाच वेळ लागतो आणि मधल्या सरळ तुकड्यात त्याला वारा मिळतो.

ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, असं आमचे वस्ताद सांगायचे. त्या वेळच्या गाड्यांना ते बरोबर होतं. आताच्या गाड्यांची ताकद वाढली आहे. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्येही त्या आरामात चढतात, आणि त्याच गिअरमध्ये उतरवल्या तर इंजिन पुरेसं धरत नाही. म्हणून मी आता एक गिअर आणखी खाली सांगतो. त्याची खूण सोपी आहे. दोन वळणांच्या मधल्या सरळ रस्त्यावरही ब्रेकवरचा पाय उचलता येत नसेल, तर गिअर वरचा आहे. आणि हा बदल उतार सुरू होण्याआधी करायचा. जड गाडीने वेग घेतल्यावर वरचा गिअर काढून खालचा टाकायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. हे घाटात सगळ्यांत वाईट.

ऑटोमॅटिक गाड्या घाटात भरपूर दिसू लागल्या आहेत. बरेच जण गिअरचा दांडा 'डी'वर ठेवून ब्रेकवरच खाली येतात. त्यांच्या मागून उतरताना जळका, आंबूस वास काचेतून आत येतो. तुमच्या गाडीत 'एल' किंवा मॅन्युअलची सोय आहे, ती घाटासाठीच आहे. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात ती कशी वापरायची ते लिहिलेलं असतं. ते निघण्याआधी घरी वाचा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाय उचलल्यावर मोटर गाडीला धरते, कारण ती वीज बॅटरीत भरत असते. माथ्यावरच्या हॉटेलात बॅटरी काठोकाठ भरून निघालात तर ती वीज घ्यायला जागा नसते आणि ते धरणं कमी होतं. थोडी जागा शिल्लक ठेवून निघा.

२. न्यूट्रल नाही. इंजिन बंद तर अजिबात नाही.

डिझेल वाचतं म्हणून ही सवय लागते. चार पैसे वाचतीलही, पण इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं. छोट्या गाडीत ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पेडल दाबलं की संपते. मोठ्या गाडीत हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, आणि प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार दिसायला घाटासारखा वाटतही नाही, रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे. त्याच उतारावर २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एक अवजड वाहन अनेक गाड्यांना धडकत गेलं. उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. तिथे आता न्यूट्रलमध्ये गाडी चालवू नका असे फलक आहेत. मालक ड्रायव्हरला डिझेलच्या ॲव्हरेजवर बक्षीस देत असेल, किंवा कमी आलं तर पगारातून कापत असेल, तर त्या उतारावरच्या अपघातात तोही वाटेकरी आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

३. ब्रेक तापू लागले हे गाडी सांगते, तेव्हाच थांबा.

आधी वास येतो. मग पेडल पूर्वीपेक्षा खोल जातं, किंवा तेवढ्याच वेगाला जास्त दाबावं लागतं. मग चाकातून धूर. वास आला की पहिल्या रुंद जागेवर, डोंगराच्या बाजूला थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढून ठेवू नका, आणि पाणी तर मुळीच ओतू नका. तापलेलं बीड गार पाण्याने तडकतं. अर्धा तास बसा. प्रवासी कुरकुर करतील, करू द्या.

थांबायची वेळ टळून गेली असेल तर क्रम असा. मिळेल तो खालचा गिअर पाडा. हँडब्रेक एकदम न ओढता थोडा थोडा लावा. छोट्या गाडीत पेडल भराभर मारून पाहा, कधी थोडा दाब मिळतो. हवेचे ब्रेक असलेल्या गाडीत मात्र असं मारत बसू नका, उरलेली हवाही जाईल. एवढ्याने भागलं नाही तर गाडी डोंगराच्या बाजूला घासत न्या. गटारात चाक घाला, मुरमाच्या ढिगात घुसवा, दरडीला पत्रा लागू द्या. गाडीचं नुकसान भरून निघतं. ज्याने हा निर्णय लवकर घेतला त्याच्या गाडीतली माणसं वाचतात. पुढच्या वळणानंतर रस्ता सपाट होईल या आशेवर जो थांबतो, त्याच्या हातात मग ठरवायला काही उरत नाही.

४. वळणात शिरण्याआधी वेग उतरलेला हवा.

ब्रेक सरळ रस्त्यावर, स्टिअरिंग वळणात. दोन्ही एकदम केलं की पुढची चाकं थांबणं आणि वळणं यांत पकड वाटून घेतात, आणि ओल्या रस्त्यावर ती कशालाच पुरत नाही. वळणात आपली डावी बाजू सोडायची नाही. मोठ्या गाडीचं मात्र वेगळं असतं. बसची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. म्हणून डावीकडच्या आखूड वळणावर तिला आधी थोडं बाहेर जावंच लागतं, नाहीतर मागचं चाक गटारात नाहीतर कठड्यावर. समोरून बस येताना दिसली आणि ती तुमच्या बाजूला आली, तर हा दादागिरी करतोय असं समजू नका. वळणाच्या अलीकडे थांबा आणि तिला पूर्ण निघू द्या.

नजर कुठे ठेवायची हे शिकवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा. नवीन मुलगा बोनेटच्या पुढच्या दहा-पंधरा फुटांवर बघत चालवतो. त्याला मी म्हणायचो, वर बघ. घाटात रस्ता एकावर एक गुंडाळलेला असतो, आणि झाडीच्या फटीतून वरचा किंवा खालचा टप्पा दिसतो. तिथे ट्रकचं टप दिसलं की तो दोन वळणांनंतर आपल्याला भेटणार. दोन गाड्या मागोमाग दिसल्या तर मागची ओव्हरटेकच्या विचारात असणार. ही मोजदाद अंगवळणी पडली की समोरून अचानक गाडी येणं जवळपास बंदच होतं. रात्री तर हे आणखी सोपं. वळणापलीकडचा उजेड दरडीवर आधी पडतो, म्हणून मला रात्रीचा मोकळा घाट दुपारच्या गर्दीपेक्षा कधीच अवघड वाटला नाही. हॉर्न वळणाच्या तोंडाशी एकदाच, पण ठळक द्या. आणि काच थोडी खाली ठेवा, म्हणजे समोरच्याचा हॉर्न ऐकू येईल. गाणी मोठ्याने लावली की हे साधन हातचं जातं.

५. चढणाऱ्याला वाट द्यायची.

रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, असं २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांत आहे, आणि त्याआधीच्या १९८९च्या नियमांतही होतं. कारण सरळ आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलताना मागे सरकते, क्लच जळतो, आणि तिच्यामागेही कुणी उभं असतं.

वरंधात एका पावसाळी संध्याकाळी मी वर चढत होतो आणि समोरून भाताच्या पोत्यांचा टेंपो आला. कड्यात कोरलेला अरुंद तुकडा, दोन गाड्यांना जागा नाही. टेंपोवाला पोरगा विशीतला, घाबरलेला, मागे घ्यायला तयार नव्हता. त्याच्यासोबत क्लीनरही नव्हता. माझे कंडक्टर छत्री न घेता खाली उतरले. आधी त्या पोराच्या दाराशी जाऊन त्याच्याशी दोन मिनिटं बोलले. काय बोलले ते मला आत ऐकू आलं नाही, पण त्याचे खांदे सैल झालेले दिसले. मग ते टेंपोच्या मागे, दरीच्या बाजूला, आरशात आपण दिसू अशा जागी उभे राहिले आणि पत्र्यावर थाप मारत त्याला इंचाइंचाने मागे घेऊ लागले. दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब. प्रत्येक थांबल्यावर ते वाकून मागचं चाक आणि कठडा यांतलं अंतर स्वतः बघत होते. रुंद जागा येईपर्यंत पाच-सात मिनिटं लागली असतील. बसमध्ये कुणी आवाज केला नाही. परत आले तेव्हा अंगावरचा खाकी शर्ट पूर्ण भिजला होता. "घाबरलेल्याला आधी बोलतं करायचं, मग मागे घ्यायचं," एवढंच म्हणाले आणि डबल बेल दिली.

मी पुढे मुलांना रिव्हर्स शिकवताना हेच शिकवलं. मागे घेताना मागे माणूस हवा, तो आरशात दिसायला हवा, आणि तो दिसेनासा झाला त्या क्षणी गाडी थांबायला हवी. कॅमेरा असला तरी. चिखल उडालेल्या कॅमेऱ्यात कठड्याचा खचलेला कोपरा दिसत नाही.

६. पुढची वाट पूर्ण दिसत नसेल तर ओव्हरटेक नाही.

यात समजावण्यासारखं फार नाही. माळशेज घाटात २ जानेवारी २०१४ रोजी एसटी आणि टेंपोची धडक झाली, बस दरीत गेली आणि २७ माणसं गेली. घाटात समोरासमोरची धडक तिथेच संपत नाही, तिच्यापुढे दरी असते. मागे लागलेल्या उतावळ्याला मात्र वाट द्या, जागा मिळताच बाजूला घ्या. तो मागे राहून हॉर्न मारत राहिला तर तुमचं लक्ष आरशातच अडकतं.

७. पावसात घाट दर तासाला बदलतो.

पहिल्या पावसाचा रस्ता सर्वांत निसरडा, कारण उन्हाळाभराचं तेल आणि धूळ वर येते. नंतर सावलीच्या वळणांवर शेवाळ धरतं. साईडपट्टी भिजून मऊ होते. वरून गवत हिरवंगार दिसतं आणि खाली माती वाहून गेलेली असते. समोरच्याला जागा द्यायला म्हणून दरीकडचं चाक डांबराखाली उतरवू नका. रस्त्यावर मुठीएवढे ताजे दगड आणि लाल पाणी दिसलं, तर वर दरड हलते आहे असं समजा. तिथे फोटोला थांबू नका, आणि खालीही उभे राहू नका. आंबोली, ताम्हिणी, माळशेजला धबधब्यांपाशी वळणावरच गाड्या लावतात. मुलं रस्त्यावर नाचत असतात आणि धुक्यातून येणाऱ्या एसटीला ती शेवटच्या क्षणी दिसतात. त्या ड्रायव्हरचा जीव कसा गोळा होतो ते मला माहीत आहे. गाडी गावात लावा आणि चालत या.

धुक्यात डिपर खाली ठेवा. वरचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. घाट बंद असल्याचा फलक असेल तर तो पाळा. वरंध अलीकडे पावसाळ्यात बंद ठेवतात, आणि बॅरिकेड सरकवून पुढे जाणारे तरीही भेटतात.

८. ड्रायव्हरची झोप ही सगळ्यांची जबाबदारी आहे.

यावर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. लग्नाची बस, सहलीची बस, देवदर्शनाची ट्रॅव्हलर. पाहुण्यांना खोल्या असतात, ड्रायव्हरला सीट. ताट सगळ्यांत शेवटी. रात्री कार्यक्रम संपला की, "चला, सकाळी ऑफिस आहे." दिवसभर पार्किंगमध्ये उन्हात गाडीत पडून राहणं म्हणजे झोप नव्हे. घाटात पाच सेकंद डोळा लागला तरी पुरतो, कारण पाच सेकंदांनी वळण येतं. खोपोलीजवळ बोरघाटात, जुन्या रस्त्यावर शिंगरोबाच्या देवळापाशी १५ एप्रिल २०२३च्या पहाटे पुण्याचा कार्यक्रम करून मुंबईला परतणाऱ्या कलापथकाची बस दरीत गेली. तेरा जण गेले, त्यांत ढोल-झांज वाजवणारी तरुण पोरं होती. त्या अपघाताचं कारण काहीही ठरो, पहाटे तीन ते पाच ही वेळ घाटाची नव्हे, एवढं मी माझ्या नोकरीवरून सांगतो. त्या वेळेला घाट लागत असेल तर पायथ्याला थांबा, उजाडू द्या. गाडी ठरवताना भाड्याची घासाघीस करता तेव्हाच विचारा की ड्रायव्हर काल कुठे होता आणि किती झोपला. खोली ठरवताना त्याच्यासाठी एक कॉट मागा.

९. मागे बसलेल्यांनाही एक सांगणं आहे.

"काय सुसाट काढली गाडी!" असं कौतुक घाटात करू नका. ज्याच्या गाडीत म्हातारी माणसं झोपून जातात, मुलांना उलटी होत नाही, आणि खाली आल्यावर घाट कधी संपला असं कुणी विचारतं, तो ड्रायव्हर चांगला. त्याची कामगिरी दिसत नाही, म्हणून त्याला शाबासकीही मिळत नाही. ती तुम्ही आवर्जून द्या, नावाने हाक मारून द्या. आणि पट्टा मागच्या सीटवरही लावा. उलटणाऱ्या गाडीतून जो बाहेर फेकला जातो, त्याचं वाचणं अवघड असतं.

१०. अपघात दिसला तर पत्ता नीट सांगा.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला. त्या दिवसांत पावसात दोर लावून दरीत उतरणारी महाबळेश्वर ट्रेकर्स, सह्याद्री ट्रेकर्स यांसारख्या संस्थांची मुलं होती. पगारी नोकर नव्हते ते. आमच्या भागात या मुलांचे फोन नंबर प्रत्येक ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये असायला हवेत, असं मी तेव्हापासून सांगतो.

मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती काढून टाका. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं आहे. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. आधी तुमची गाडी वळणापासून लांब लावा आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी करून येणाऱ्या गाड्या थांबवा. नाहीतर बघ्यांच्या गर्दीत दुसरा अपघात होतो. मग १०८ किंवा ११२ लावा. रेंज नसेल तर एक दुचाकी वर आणि एक खाली पाठवा, जिला आधी रेंज मिळेल ती बोलेल. घाटाचं नाव, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, गाडी चढताना गेली की उतरताना, आत माणसं किती, हे सगळं सांगा. आणि माथ्याच्या अलीकडे की पलीकडे, हे विसरू नका. आंबेनळीच्या एका अंगाला रायगड जिल्हा आहे, दुसऱ्या अंगाला सातारा. वरंधात रायगड आणि पुणे. पोलादपूरची अँब्युलन्स निघायची की महाबळेश्वरची, हे त्यावरच ठरतं.